गोमुख दूध संस्थेतली परवानगीची चोरी

सावळाराम तात्या रेणुसे यांनी भर सभेत टेबलावर मूठ आपटून जे वाक्य उच्चारलं, ते उच्चारायला नको होतं हे त्यांच्या पत्नीला, बनाबाईंना, त्याच क्षणी कळलं. पण बनाबाई बायकांच्या बाजूला पार मागच्या सतरंजीवर बसल्या होत्या आणि तिथून नवऱ्याच्या तोंडावर हात ठेवायची सोय नव्हती.

"माझ्या हापिसात परक्या माणसानं घुसून दाखवावं," तात्या गरजले, "त्याच दिवशी चाव्या हितं टेबलावर ठेवतो आन् म्हशी राखाया जातो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. एखादा माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेत असला की आपले लोक फार मनापासून टाळ्या वाजवतात.

तात्या हे गोमुख सहकारी दूध संस्थेचे व्यवस्थापक. संस्था मार्गासनीच्या पुढे, वेल्ह्याच्या रस्त्याला लागून. पत्र्याची शेड, दूध थंड करायची मोठी टाकी, आणि शेडच्या कोपऱ्यात फळ्या ठोकून केलेली एक खोली. ती खोली म्हणजे हापिस. हापिसात संगणक. कुणाचं दूध किती, त्याला फॅट किती, कुणाचं बँक खातं कुठलं, कुणाच्या गाईचा विमा कधी संपतो, सगळं त्या संगणकाच्या पोटात. तो चालवायला दिपाली नावाची गावातलीच सून होती. ती कामाला चोख आणि बोलायला कमी, त्यामुळे तात्यांशी तिचं उत्तम जमे, कारण बोलण्याचं खातं तात्यांनी पूर्ण स्वतःकडे ठेवलं होतं.

भानगड सुरू झाली ती पुण्याच्या एका मिठाईच्या कंपनीमुळे. कंपनी गोमुखचं सगळं दूध कायमचं घ्यायला तयार होती. आजवर टँकर आपल्या मर्जीने यायचा आणि मर्जीने यायचा नाही, त्यामुळे सभासदांना ही बातमी म्हणजे घरी लक्ष्मी आल्यासारखी होती. अट एकच होती. कुठल्याशा लांबच्या डेअरीत चोरांनी संगणकात शिरून त्याला बाहेरून कुलूप घातलं होतं. कुणाचं दूध किती हेच कळेना, कॅन उन्हात तापत राहिले आणि दिवसभराचं दूध नासलं. म्हणून कंपनी म्हणाली, तुमचा संगणक आमच्या संगणकाला जोडायच्या आधी आमची रेड टीम येऊन तपासणी करेल.

"म्हंजी छापा?" सभेत कुणीतरी घाबरून विचारलं.

संस्थेचे अध्यक्ष मानसिंगराव कंपनीत जाऊन सगळं समजून आले होते. "छापा न्हाई. ही चांगली माणसं असत्यात, फकस्त चोरावानी येत्यात. कोण येणार, कधी येणार, काय सोंग घिऊन येणार, सांगत न्हाईत. घुसाया जमलं तर कुठनं घुसलो ते दाखवत्यात. म्हंजी खरा चोर यायच्या आदी आपल्याला भगदाड बुजवता येतं."

यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त तात्यांची कानशिलं तापली. आपल्या हापिसावर कुणी चोर सोडतो, तेही आपल्याच अध्यक्षांच्या संमतीने, हा त्यांना जाहीर अपमान वाटला. आणि मग ते मघाचं वाक्य निघालं.

तात्यांची सारी नोकरी एसटीत कंट्रोलर म्हणून झाली होती. गाड्या पुकारता पुकारता त्यांना एक सवय लागली होती, की हाताने जे करायचं ते तोंडाने जाहीर करायचं. जेवताना ते "आता आमटी" म्हणत. संगणक उघडताना पासवर्डचं एकेक अक्षर खणखणीत आवाजात पुकारत, आणि कॅन घेऊन रांगेत उभे असलेले लोक शेवटचा आकडा त्यांच्या आधी म्हणत. इतकी वर्षं कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. देवळातल्या आरतीसारखा तो सगळ्यांचा पासवर्ड होता.

दिपालीने पहिलं काम केलं ते पासवर्ड बदलायचं, आणि तात्यांना तो कानात सांगितला. मुकाट्याने टाकायचा, अशी तिने अट घातली. तात्यांचे पहिले काही दिवस फार हालात गेले. ओठ मिटून एकेक अक्षर दाबताना त्यांच्या गळ्याच्या शिरा फुगत. बनाबाईंना वाटलं, यांना घशाचं काहीतरी झालंय, म्हणून त्यांनी हळद घातलेलं दूध सुरू केलं.

गावाने सल्ले द्यायला सुरुवात केली. शेजारचा गेनू म्हणाला, हापिसाच्या दाराला कुत्रं बांधा, आणि नुसतं म्हणून थांबला नाही, स्वतःचं कुत्रं आणून बांधलं. ते कुत्रं दुधावर वाढलेलं होतं. येणाऱ्या प्रत्येकाच्या कॅनकडे ते इतक्या प्रेमाने बघे की लोक झाकण उघडून त्याला घोटभर देत. आळीतल्या ठकुबाईंनी लिंबू-मिरची आणली आणि ती माऊसच्या वायरीला बांधली. दिपाली माऊस हलवी तेव्हा लिंबू टेबलावर गडगडे. तात्यांनी ते काढू दिलं नाही. सगळ्याच बाजूंनी बंदोबस्त असलेला बरा, असं त्यांचं मत पडलं.

मग त्यांना वाटलं की सरकारला कळवलेलं बरं. उद्या चोर पकडला आणि पोलिसांनी आपल्यालाच विचारलं, की बाबा, याला कोंडून का ठेवलंस, तर? ते इस्त्रीचे कपडे घालून ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं.

"चोरी कधी झाली?"

"झाली न्हाई. व्हनार हाय."

"कोण करणार?"

"ते सांगत न्हाईत."

"कशाची?"

"कशाचीच न्हाई. नुसतं घुसणार आन् दाखवून परत जाणार."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "तात्या, आणि याला परवानगी कुणी दिली?"

"आमच्या अध्यक्षांनी."

हवालदारांनी नोंदवही मिटली. शेवटी ते अत्यंत आदराने म्हणाले, "चोरी झाली की या. झाली नाही तरी चहाला या." तात्या परतले ते सरकारवर नाराज होऊनच.

यानंतर त्यांचा संशय इतका वाढला की साध्या माणसांचं जगणं अवघड झालं. फॅट मोजायचं मशीन बिघडलं होतं आणि तात्यांनीच किकवीच्या दत्ता मेकॅनिकला फोन करून बोलावलं होतं. पण दत्ता आला तो नवी टोपी घालून, पाठीला पिशवी लावून, आणि आल्या आल्या म्हणाला, "मशीन कुठंय? जरा आतनं बघतो." आतनं बघतो म्हटल्यावर तात्यांना सगळं उमगलं. त्यांनी गोड बोलून त्याला चिंचेखाली बसवला, चहा पाजला, आणि ठकुबाईंसह चार बायकांना त्याच्याभोवती बसवून ठेवलं. दत्ता उठला की बायका म्हणत, "बसा वो पाव्हणं, घाई काय?" त्याने आपण दत्ता आहोत हे पुन्हा पुन्हा सांगितलं, पण खरा चोरसुद्धा हेच म्हणेल, असा तात्यांचा बिनतोड युक्तिवाद होता. संध्याकाळचं दूध फॅट न मोजताच घ्यावं लागलं. त्यावरून भांडणं झाली, कारण त्या दिवशी प्रत्येकाच्या म्हशीने आयुष्यातलं सर्वात दाट दूध दिलं होतं.

दुसरा बळी मानसिंगरावांचे व्याही. ते लेकीला भेटायला आले होते आणि जाता जाता सहज संस्था बघायला शिरले. सफारी घातलेला, काळा चष्मा लावलेला माणूस टाकीभोवती फिरतोय म्हटल्यावर तात्यांनी बाहेरून कडी घातली. व्याही थंडगार शेडमध्ये, दुधाच्या टाकीजवळ, अध्यक्षांचा फोन लागेपर्यंत कुडकुडत उभे होते. मानसिंगरावांना पुढे व्याह्यांसाठी मटणाचा बेत करावा लागला आणि त्या जेवणाला तात्यांना आमंत्रण नव्हतं. ते तात्यांना लागलं. पण कर्तव्यापुढे मटण काय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि त्या संध्याकाळी बनाबाईंनी केलेल्या पिठल्यात मीठ कमी असल्याचं निमित्त करून ते चिडले.

आणि मग एका सकाळी एक पोरगी आली.

साधा पंजाबी ड्रेस, वेणी, हातात पेढ्यांचा पुडा. ती हापिसाकडे गेलीच नाही. सरळ तात्यांच्या घरी गेली, दारात उभी राहिली आणि बनाबाईंना म्हणाली, "मामी, ओळखलं का? मी सुलक्षणा. पारूबाईंची धाकटी."

बनाबाईंच्या हातातली परात खाली पडली.

पारूबाई ही तात्यांची एकुलती बहीण. भोरला दिलेली. तिच्या थोरल्या मुलीच्या लग्नात मुलीच्या मागे मामा म्हणून उभं राहायला तात्या वेळेवर पोचले नव्हते. दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडायच्या नादात त्यांची स्वतःची गाडी चुकली होती. मुहूर्त टळायला आला तेव्हा दुसऱ्याच कुणा चुलत मामाला उभं करावं लागलं, आणि पारूबाईंनी माहेर टाकलं. भोर काही लांब नाही, पण रुसव्याला एसटी नसते. तात्या दोनदा गेले, दोनदा ओसरीवरचा चहा पिऊन परत आले. तिसऱ्यांदा जायचं धाडस झालं नाही. धाकटीला त्यांनी पाहिलं होतं ते ती फ्रॉकमध्ये असताना.

बनाबाई भोळ्या नव्हत्या. पाहुणा आला की त्याची मुळं खणून काढायची, हा त्यांचा शिरस्ता होता. त्यांनी पोरीला उंबऱ्याबाहेरच उभं केलं.

"आईचं माहेरचं नाव काय?"

"पार्वती. पण सगळे पारूच म्हणतात."

"तुझ्या चुलत मामाचं नाव?"

"भिमा मामा. ते पुण्याला असतात."

"आत्याचं गाव?"

पोरगी न अडखळता सांगत गेली. मेव्हणे, साडू, चुलते, कोण कुठल्या संस्थेवर संचालक, कोण सरपंच. बनाबाईंना विसरायला झालेली नातीसुद्धा तिने सांगितली. शेवटी ती हळूच म्हणाली, "मामी, आईनं पाठवलंय. म्हणाली, दादाला एकदा बघून ये."

एवढं ऐकल्यावर बनाबाईंच्याने राहवलं नाही. त्यांनी भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकलं, पोरीची दृष्ट काढली, कुंकू लावलं आणि हातात ड्रेसपीस आणि इंद्रायणी तांदळाची पिशवी दिली. मग तिला घेऊन त्या हापिसाकडे निघाल्या, तर मागून सगळी आळी निघाली. गेनूचं कुत्रं शेपटी हलवत पुढे चाललं.

तात्यांनी भाचीला पाहिलं. इतकी वर्षं गाड्या पुकारणारा माणूस "ये, ये" एवढंच म्हणत राहिला. त्यांनी स्वतःची खुर्ची तिला दिली. दिपालीने "तात्या, बाहेरच्या माणसाला हापिसात" एवढं वाक्य सुरू केलं, तर तात्या तिच्यावर कडाडले, "बाहेरची? ही माझी भाची हाय!"

"मामा, आईचे फोटो आणलेत," पोरगी म्हणाली. तिने पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. "आता ती कशी दिसते ते बघायचंय का? मोबाईलवर बारीक दिसतात. या संगणकावर मोठे दिसतील."

बघायचंय का! तात्यांनी दिपालीला खुर्चीवरून उठवलं, घाईघाईने पेन ड्राइव्ह लावला, आणि आनंदाच्या भरात पासवर्डचं एकेक अक्षर खणखणीत पुकारलं. दाराबाहेरच्या आळीने सवयीने जुन्या पासवर्डचा शेवटचा आकडा म्हटला.

पडद्यावर पारूबाई उमटल्या नाहीत. पडदा लाल झाला आणि त्यावर पांढरी अक्षरं आली: "नमस्कार तात्या. आम्ही आत आलो आहोत. रेड टीम."

पोरगी उभी राहिली आणि खाली मान घालून म्हणाली, "मी नूतन. कंपनीच्या तपासणीच्या टीममधली. तात्या, मला माफ करा."

तात्यांनी तिच्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहिलं, हातातल्या ड्रेसपीसकडे पाहिलं, मग बनाबाईंकडे पाहिलं. त्यांना फसल्याचं दुःख नंतर झालं. आधी वाटलं ते एवढंच, की पारूने कुणाला पाठवलं नव्हतं.

"पर तुला आमची समदी नाती कशी कळली?" बनाबाईंनी विचारलं.

नूतनने सांगितलं, तेव्हा सगळ्यांच्या माना मार्गासनीच्या फाट्याकडे वळल्या. तिथे तात्यांच्या एकसष्टीचा फ्लेक्स अजून झुलत होता. मधोमध फेटा बांधलेले तात्या, आणि भोवती सगळे नातेवाईक गोल गोल फोटोंत, प्रत्येकाखाली नाव, नातं, गाव, पद आणि मोबाईल नंबर. कोपऱ्यात, तात्यांनी हट्टाने घालायला लावलेली, फोटोशिवाय नुसती नावं: भगिनी सौ. पारूबाई, मु. पो. भोर, आणि तिच्या दोन्ही मुली. नूतन त्या फाट्यावर एसटीची वाट बघायचं सोंग करून उभी राहिली होती आणि तिने पूर्ण वंशावळ उतरवून घेतली होती. रुसव्याचं तिला चहाच्या टपरीवर कळलं. तिने न विचारताच लोकांनी सांगितलं होतं.

सभा बोलावली गेली. तात्यांनी न बोलता चाव्या टेबलावर ठेवल्या. ही शांतता इतकी भयंकर होती की ठकुबाईंनी डोळ्यांना पदर लावला. गेनू उभा राहून म्हणाला की भाची परकी नसते, तेव्हा शब्द मोडलाच नाही. त्यावर कुणीतरी ओरडलं, "आरं पण ती भाची नव्हतीच की!" आणि गेनू बसला.

मानसिंगरावांनी नूतनला बोलायला सांगितलं.

"कुणाला नापास करायला आम्ही येत नाही," नूतन म्हणाली. "खऱ्या चोराआधी तुम्हाला कळावं, म्हणून येतो. कुलूप चांगलं होतं. दिपालीताईंनी अडवलं होतं. आता चार गोष्टी सुधारा, आम्ही पुन्हा येऊ. दुसऱ्या वेळेला तुम्ही आम्हाला अडवलंत तर कंपनी दूध घेईल." मग ती तात्यांकडे वळली. "आणि तात्या, मी खोटी होते म्हणून तुमची चूक झाली असं समजू नका. मी खरी भाची असते, तरी तो पेन ड्राइव्ह लावायचा नव्हता."

तात्यांनी मान वर केली. "खऱ्या भाचीला न्हाई म्हणायचं? मामानं?"

"हो."

"हे कुठल्या गावाला शिकवत्यात?"

लोक हसले. पण तात्या हसले नाहीत. मानसिंगरावांनी चाव्या उचलून त्यांच्या हातात ठेवल्या आणि म्हणाले, "दुसऱ्या खेपंपातूर तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्यात. तवा घुसलं कुणी, तर मग म्हशी."

पुढचे दिवस संस्थेत नव्या राज्याचे होते. फाट्यावरचा फ्लेक्स उतरला आणि उलटा करून गेनूच्या गोठ्यावर ताडपत्रीसारखा गेला. लिंबू निघालं. तात्यांनी बोलावलेला दत्ता मेकॅनिक आला, तेव्हा तात्यांनी त्याला थांबवून त्याच्या दुकानात फोन लावला, खात्री केली, आणि त्याला दोन वेळा चहा पाजला. मुख्य कार्यालयातून बोलतोय म्हणणाऱ्या एका गोड आवाजाला दिपालीने "तुम्ही ठेवा, मीच लावते" म्हणून कटवलं. तात्या पासवर्ड टाकताना तोंडात सुपारी धरू लागले.

फक्त एकच गोष्ट त्यांना पटत नव्हती. रात्री जेवताना ते बनाबाईंना म्हणत, "समदं ठीक हाय. पर घरच्या माणसाला न्हाई म्हणणं, ही कसली रीत?" बनाबाई म्हणत, "घरची माणसं येत्यात कुठं तुमच्याकडं?" आणि त्यांच्या ताटात आणखी भाकरी वाढत.

आणि एका दुपारी वेल्ह्याकडे जाणारी एसटी संस्थेपुढे थांबली आणि तिच्यातून पारूबाई उतरल्या.

या वेळी नाती विचारायची गरज नव्हती. बहीण ती बहीण. केस पांढरे झाले होते, चालताना उजवा गुडघा धरत होत्या, पण तात्यांकडे बघून त्यांनी नाक जसं उडवलं तसं जगात दुसरं कुणी उडवू शकलं नसतं. तात्या शेडच्या पायरीवरून धावत खाली आले आणि बहिणीच्या पाया पडतात की काय असं लोकांना वाटलं.

"पारू! आलीस व्हय!"

"आले. धाकलीचं लगीन ठरलंय. म्हटलं, सांगून यावं. बघू औंदा तरी येतोस का येळंवर."

हे टोचलं, पण इतक्या वर्षांनी टोचलं म्हणून तात्यांना गोड लागलं. बनाबाईंनी घरून साडी-खण आणून ओटी भरली. चहा झाला, रडणं झालं, पुन्हा चहा झाला. मग पारूबाईंनी कनवटीतून एक पेन ड्राइव्ह काढला.

"ह्यात पोरीच्या साखरपुड्याचं फोटू हायेत. लाव त्या संगणकाला. मला पण मोठं बघायचं हायेत."

दिपालीचा हात कळफलकावर थबकला. तात्या पेन ड्राइव्हकडे बघत राहिले.

"घरी टीव्हीवर बघू की," ते म्हणाले.

"घरी याया येळ न्हाई. परतीची गाडी हाय."

"ती गाडी उशिरा येती, मला ठावं हाय."

"दादा, लाव म्हणते ना. दोन मिन्टाचं काम."

ही खोटी नव्हती. ही त्यांची पारू होती, जिच्यापुढे ते आधीच एकदा कमी पडले होते, आणि ती एवढी एकच गोष्ट मागत होती. त्यांना स्वतःला ते फोटो पाहायचे होते. भाचीचा चेहरा त्यांना अजून ठाऊक नव्हता. चाव्यांचं, म्हशींचं, कंपनीचं त्यांना त्या घडीला काहीच वाटत नव्हतं.

पण शेडमध्ये कॅन ठेवायला आलेली माणसं उभी होती. त्यांचं सगळं त्या संगणकात होतं, आणि ते त्यांनी तात्यांच्या भरवशावर ठेवलं होतं, पारूच्या नव्हे.

"पारू," तात्या हात जोडून म्हणाले, "तू माझी भैन हायेस. माझं घर तुझं हाय. दावणीची म्हस सोडून घिऊन जा, म्या इचारणार न्हाई. पर हे हापिस माझं न्हाई. हे ह्या लोकांचं हाय. ह्याला म्या ते लावणार न्हाई."

"न्हाई म्हणतोस मला?"

"व्हय."

पारूबाई उठल्या. त्यांनी ओटीतले तांदूळ सावरले आणि गुडघा धरून पायरीकडे निघाल्या. बनाबाई "वन्सं, वन्सं" करत मागे धावल्या. तात्या खुर्चीला धरून उभे राहिले. बहीण दारातून बाहेर चालली होती आणि ते तिला जाऊ देत होते. आयुष्यात घरच्या माणसाला त्यांनी नाही म्हटलं नव्हतं, आणि पहिल्यांदा म्हटलं ते सख्ख्या बहिणीला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण पाय हलला नाही.

पायरीवर पारूबाई थांबल्या. शेडच्या मागून टाळ्यांचा आवाज आला. नूतन होती. तिच्या हातात या वेळी पेढ्यांचा पुडा मोठा होता.

"पास, तात्या!" ती म्हणाली. "कंपनीला आत्ता फोन करते."

तात्यांना काही उमजेना. नूतनने सांगितलं की त्या दिवसानंतर तिला झोप लागत नव्हती. तुमच्या नात्याचं सोंग घेतलं त्याचं भरून द्यावं, म्हणून ती भोरला पारूबाईंकडे गेली. दादाने भाची समजून कशी खुर्ची दिली, बहिणीचे फोटो बघायला कशी घाई केली, ते सगळं सांगितलं. पारूबाई त्याच दिवशी निघणार होत्या. मग नूतननेच विचारलं, की येताना माझं एक काम कराल का?

तात्यांनी बहिणीकडे पाहिलं. "म्हंजी तू बी चोरांच्यातली?"

"व्हय," पारूबाई म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसलं. त्या हसत होत्या की रडत होत्या ते त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं. "ही पोर म्हणाली, लई हट्ट करा, रुसून निघा, पायरीपातूर जा. म्या केलं. पर दादा, समदा येळ मनात एकच म्हणत हुते. दिऊ नगंस. माझ्या दादा, दिऊ नगंस."

शेडमधल्या माणसांनी एकदम गलका केला. गलका ऐकून आलेल्या मानसिंगरावांनी तिथूनच व्याह्यांना फोन लावला, पण आनंदात काय सांगायचं ते विसरले. ठकुबाईंनी पेढ्याचा पुडा ताब्यात घेतला. दिपालीने सगळ्यांसमोर पहिल्यांदाच तात्यांच्या पाठीवर थाप मारली आणि मग स्वतःच लाजली. तात्या कुणाला उत्तर देत नव्हते. ते पायरीवर बहिणीच्या शेजारी जाऊन बसले होते, तिचा हात हातात धरून, आणि इतक्या मोठ्याने रडत होते की गोठ्यातल्या म्हशींनी मान वर करून बघितलं.

"गप की आता," पारूबाई म्हणाल्या. "पास झालास न्हवं?"

"झालो," तात्या हुंदका गिळत म्हणाले. "पर पारू, परत असली परीक्षा घिऊ नगंस. दुसऱ्यांदा मला जमणार न्हाई."

नूतनने हे ऐकलं, पण कंपनीला द्यायच्या अहवालात घेतलं नाही.